चाळीस दिवस टोमण्यांविना

बुधवार, ५ मार्च २०२५, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. खडकीतील आमच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारची उपासना संपत आली होती आणि नवे पाळकसाहेब हिरव्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटत होते. आमच्या मंडळीत कपाळाला राख लावत नाहीत; पूर्वजांनी धर्म बदलताना कपाळ एकदाच काय ते पुसून घेतले, त्यानंतर त्यावर काही लावायला कोणी धजावलेले नाही. त्यामुळे आमचा राखेचा बुधवार राखेविना पार पडतो, आणि त्यात विसंगती आहे असे माझ्याखेरीज कोणालाही वाटत नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत अंतःकरणाची तयारी करायची, त्यासाठी आपल्याला प्रिय असलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, ती सोडायची आणि चिठ्ठी आपल्याच बायबलात ठेवायची, असे पाळकसाहेबांनी सांगितले.

हे दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात. रविवार धरायचे नाहीत, म्हणून चाळीस. गैरसोयीच्या नोंदी वगळून हवा तो आकडा काढण्याची ही रीत आमच्या प्रयोगशाळेत चालत नाही, म्हणून मी रविवारही धरायचे ठरवले.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी ‘चहा’ असे लिहिले, थोडा विचार केला आणि आधी ‘दुपारचा’ हा शब्द घातला. शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी ठसठशीत अक्षरात ‘कोबी’ असे लिहिले.

“पप्पा, प्रिय गोष्ट लिहायची आहे. कोबी तुम्ही जन्मात खाल्लेला नाही.”

“मला काय प्रिय आहे ते प्रभूला ठाऊक आहे. त्याला चिठ्ठ्या पाठवून त्याचा वेळ कशाला घ्या? तुझी दाखव.”

मी ‘टोमणे’ असे लिहिले होते. त्यांनी चष्मा वर करून वाचले.

“म्हणजे चाळीस दिवस मौन,” ते म्हणाले. “बोलायला उरलं काय मग?”

प्रश्न रास्त होता. आई गेली तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतरची दहा वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी याच भाषेत बोलत आलो. पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी वस्तूत खोट शोधली आणि घरी आल्यावर सरावाने माझ्यात शोधली. मी पेशींवर संशोधन करते आणि माणसांबाबत त्यांच्याइतकीच उदार आहे. बाहेरच्यांना आमच्या घरात सतत भांडण चालू आहे असे वाटते. वास्तविक ते वाढपाचे काम असते: कोणी जेवले का, कोणी दमले का, कोणाला उशीर का झाला, हे सगळे आम्ही टोमण्यांतून विचारतो आणि टोमण्यांतूनच सांगतो.

तरीही टोमणे सोडण्याचा निर्णय मी गांभीर्याने घेतला होता. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली आलेल्या एका मुलीने आठवड्यापूर्वी कामाची जागा बदलून मागितली होती आणि कारण विचारल्यावर ती फक्त रडली होती; घरी मी ते पप्पांना विनोद म्हणून सांगितले होते. शिवाय मला जिंकायला आवडते, आणि चाळीस दिवसांच्या संयमात कोणी जिंकलेले माझ्या पाहण्यात नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना आम्ही मुठीत मावणारा एक काउंटर वापरतो. अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो. तो माझ्या पर्समध्ये होताच. मोजण्यापूर्वी व्याख्या हवी, म्हणून मी वहीत लिहिले: ज्या वाक्याचा हेतू त्याच्या शब्दार्थाच्या उलट असतो आणि जे ऐकून समोरचा माणूस क्षणभर थांबतो, तो टोमणा. मूळ पातळी माहीत असल्याशिवाय प्रयोग सुरू करणे मला पापापेक्षा गंभीर वाटते. तेव्हा गुरुवारचा एक दिवस मी देवाकडे सवलत मागून घेतली आणि नेहमीसारखी वागले. आकडा आला अडतीस. शुक्रवारपासून व्रत सुरू झाले.

पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी नऊ. जिभेच्या टोकाशी आलेले वाक्य परत आत ढकलताना शिंक दाबल्यासारखे डोळ्यांत पाणी येते, ही नोंद कोणाला उपयोगी पडली तर पडो. मंगळवारपर्यंत मी चारवर आले होते.

बुधवारी, १२ मार्चला, पप्पांचा रिपोर्ट मिळाला. त्यांच्या मानेत डाव्या बाजूला लहानशी गाठ लागली होती आणि डॉक्टरांनी सुईने नमुना घेऊन तपासायला पाठवला होता. रिपोर्ट मीच आणला, रुग्णालयाच्या पायरीवर उभी राहून दोनदा वाचला. गाठ साधी होती. कर्करोगाचा मागमूस नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, एवढेच.

घरी आले तेव्हा पप्पा जेवायला बसत होते.

“आला का तुझा निकाल?” त्यांनी ताटाकडे पाहतच विचारले.

एरवी मी काय म्हणाले असते हे मला नेमके ठाऊक आहे: गाठ साधी निघाली, पण तुमच्या स्वभावातली तपासायला कुठलीच लॅब तयार नाही. हे वाक्य तयार होते, चांगले होते. मी ते गिळले. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हो पप्पा. सगळं ठीक आहे. काळजीचं काहीच कारण नाही. तुम्ही शांतपणे जेवून घ्या.”

पप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“नक्की?”

“अगदी नक्की. आणखी एक पोळी वाढू का तुम्हाला?”

“नको,” ते म्हणाले. “तू बस. तू दमली असशील.”

मी वहीत त्या दिवसाचा आकडा दोन लिहिला आणि समाधानाने झोपले. त्या एका मिनिटात पप्पांनी, चाळीस वर्षांच्या तपासणीच्या अनुभवावर विसंबून, आपल्याला कर्करोग झाला आहे आणि मुलगी तो लपवते आहे असा निष्कर्ष काढला होता. मला त्याचा पत्ता लागायला तेवीस दिवस गेले.

पुराव्याची कमतरता नव्हती. पुरावा माझ्यासमोर जेवत होता. दुसऱ्या दिवसापासून पप्पाही गोड बोलू लागले. सकाळी मी आंघोळीला जास्त वेळ लावला तर “पाण्याचं धरण तुझ्या नावावर करून घेऊ का” असे ओरडण्याऐवजी ते दाराबाहेरून “सावकाश होऊ दे गं” म्हणाले. १९ मार्चला माझा आकडा प्रथमच शून्यावर आला. दोन सभ्य माणसे एका घरात राहू लागली. आमचे जेवणघर एखाद्या दवाखान्याच्या स्वागतकक्षासारखे झाले: आपण बसा, आपण घ्या, काही लागलं तर सांगा.

शिवाय पप्पांनी मला गॅसचे पुस्तक कुठे असते ते दाखवले. घराची कागदपत्रे एका फाईलमध्ये लावली आणि फाईलवर माझे नाव घातले. वर्षानुवर्षे जमवलेले स्क्रू, आकारानुसार बाटल्यांत भरलेले, खालच्या दुकानदाराला देऊन टाकले. रोज पहाटे गुडघे टेकून ते प्रार्थना करू लागले. आधी त्यांची प्रार्थना उभ्या-उभ्या, बूट घालता घालता होत असे. या सगळ्याचा मी काय अर्थ लावला? माझ्या वहीत २६ मार्चची नोंद आहे: ‘सौजन्य संसर्गजन्य असावे. दुसऱ्या व्यक्तीतही लक्षणीय सुधारणा.’ विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईने हे लिहिले आहे. मी ते पान फाडलेले नाही.

शुक्रवारी, ४ एप्रिलला, गीतांचे पुस्तक शोधताना मला पप्पांच्या बायबलात कोबीची हिरवी चिठ्ठी सापडली आणि तिच्यामागे घडी घातलेला रेघांचा कागद. वर शीर्षक होते: ‘माझी अंत्यविधी उपासना: क्रम’. खाली गीतांचे क्रमांक. पाळकसाहेबांचा संदेश, ‘वीस मिनिटे, जास्त नको’. शवपेटीची मापे इंचांत, दोन्ही बाजूंना पाऊण इंच मोकळी जागा धरून. आणि शेवटी: ‘दादा गायला आला तर येऊ द्यावे. त्याने सुरात राहावे.’

हा दादा म्हणजे माझे काका, पप्पांचे थोरले भाऊ, आमच्या गायकवृंदाचे प्रमुख. आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात पप्पा चर्चमध्ये एकटे गायला उभे राहिले होते. आईच्या आवडीचे गीत होते. दुसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज फुटला. काकांनी भर मंडळीत हात वर करून त्यांना थांबवले आणि म्हणाले, “सूर गेला.” पप्पा खाली उतरले ते काकांशी पुन्हा बोलले नाहीत. मनात वैर ठेवून प्रभुभोजन घ्यायचे नाही हा नियम मात्र त्यांनी काटेकोर पाळला. भाकर आणि पेला पुढे आला की ते “स्कूटर बघून येतो” म्हणून बाहेर जात. नऊ वर्षे. पुण्यात इतकी तपासलेली स्कूटर दुसरी नसेल.

कागद हातात घेऊन मी तिथेच खाली बसले आणि उलट हिशेब केला. १२ मार्च. खांद्यावर ठेवलेला हात. शांतपणे जेवून घ्या. आणि मग त्याही मागे, दहा वर्षे मागे: आईच्या शेवटच्या चार महिन्यांत आमच्या घरात एकही टोमणा मारला गेला नव्हता. पप्पा तिच्याशी आणि माझ्याशी इतके हळुवार बोलत की मला कॉलेजातून घरी यायची भीती वाटे. या घरात माणूस मरणार असेल तरच त्याच्याशी गोड बोलतात. मी हा नियम विसरले होते. पप्पा विसरले नव्हते.

तेव्हाच उठून सांगायला हवे होते. मी उठलेही. पण पप्पा बाहेरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “येत्या बुधवारची प्रार्थनासभा आपल्याकडे घेतोय. दादाला निरोप दिलाय. येतो म्हणालाय.”

या काळात दर बुधवारी कोणा ना कोणाच्या घरी सभा असते. उपवास या विषयावर बोलणे होते आणि मग बटाटेवडे होतात. पण काका आमच्या घरात नऊ वर्षांनी पाऊल ठेवणार होते. मी कागदाबद्दल तोंडातून अक्षर काढले नाही. मी स्वतःला सांगितले: पाच दिवस. आत्ता सत्य सांगितले तर हा माणूस बरा होईल आणि बरा झाला की भावाला बोलावणार नाही. निकाल उत्तम येत आहे म्हणून, रुग्णाला इजा होत असतानाही, चाचणी चालू ठेवणाऱ्या संशोधकांविषयी मी चारचौघांत फार कडक बोलते. त्या रात्री मी पप्पांना दूध गरम करून दिले. ते मरणाला घाबरत होते, आणि मी ते पाहत आकडा शून्य लिहिला.

बुधवारी काका आले. हातात आंब्याची पेटी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचे भाव. पप्पा दारात उभे राहिले.

“दादा, माझं चुकलं असेल तर मनात ठेवू नकोस.”

“तुझं?” काका गोंधळले. “अरे, थांबवलं तर मी होतं.”

“ते जाऊ दे. ये, आत ये. तू खुर्चीवर बस, तुझी कंबर दुखते ना.”

सभा झाली, काका गायले, पप्पा खालच्या पट्टीत गायले. वडे संपल्यावर काकांनी मला स्वयंपाकघरात गाठले. त्यांचे डोळे लाल होते.

“किती दिवस म्हणालेत डॉक्टर?”

“काका, पप्पांना काहीही झालेलं नाही.”

“माझ्यापासून तरी लपवू नकोस, बाळ. तो मला ‘तुझी कंबर दुखते ना’ म्हणाला. त्याला माझ्या कंबरेचं आजवर कधी काही पडलं होतं?”

पुराव्याची त्यांची पारखही निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांपुढे रिपोर्ट ठेवला, ओळीखाली बोट धरून वाचला, शब्दांचे अर्थ सांगितले. कागद सापडला होता तेही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि माझ्या हातावर थोपटले.

“तू बारावीत होतीस ना, तेव्हा मीही तुला असाच कागद दाखवला होता. आईचा. सगळं ठीक आहे म्हणून. कागद दुसऱ्याच कोणाचा होता. तुझी परीक्षा होती. तुला राग आला नाही ना माझा?”

मला हे ठाऊक नव्हते. मी रिपोर्ट घेऊन खोलीत गेले आणि दार लावून घेतले. रडणे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

डॉक्टरांकडे चला म्हटले तर ते म्हणाले, “त्यांना तूच पढवलं असशील.” ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटतात; त्या झावळ्यांच्या रविवारी त्यांनी हातातली झावळी काकांच्या नातीला दिली, आठवण म्हणून. मी सत्य बोलत होते आणि जितके हळुवारपणे बोलत होते तितके ते खोटे ठरत होते. उपाय कोणता हे मला कळत होते. पण व्रत संपायला सहाच दिवस उरले होते, शून्यांची लांब रांग वहीत उभी होती, आणि खरे सांगायचे तर मला ती मोडवत नव्हती. शिवाय पप्पांनी गुड फ्रायडेआधीच्या गुरुवारच्या प्रभुभोजनाला काकांसोबत पुढे जायचे ठरवले होते. पुन्हा तोच मोह: एवढे होऊ दे, मग सांगू.

गुरुवारी, १७ एप्रिलला, प्रभुभोजनाआधी पाळकसाहेबांनी नेहमीची तयारीची विनंती केली: ज्यांच्या मनात कोणाविषयी काही लपलेले असेल त्यांनी आधी ते मोकळे करावे. मंडळीने माना खाली घातल्या. पप्पा माझ्याकडे वळून, ओठ न हलवता, म्हणाले, “चल. आज स्कूटर बघायला नको.”

आम्ही तिघे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसलो. मध्ये पप्पा, उजवीकडे काका, डावीकडे मी. पाळकसाहेब रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. पप्पांचे हात कठड्यावर होते. गेल्या महिन्याभरात ते बारीक झाले आहेत हे मला तेव्हा, इतक्या जवळून, दिसले. साध्या गाठीने कोणी बारीक होत नाही. ते माझ्यामुळे झाले होते.

“पुढच्या वर्षी तू एकटीच येशील,” ते पुटपुटले. “काकाला धरून राहा.”

पाळकसाहेब आता चारच माणसे दूर होते.

“पप्पा,” मी म्हणाले, “तुमचा मरणाचा अर्ज नामंजूर झालाय. गाठीने शिफारस केलेली नाही. आता जरा सरकून बसा, मागे लोक खोळंबलेत.”

कुजबुज म्हणून ते जरा मोठ्याने झाले. मागच्या रांगेत कोणीतरी खोकले. पप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. कारखान्यात एखादा नग हातात फिरवून पाहत असतील तसे, सगळ्या बाजूंनी.

“पुन्हा म्हण.”

“किती वेळा म्हणू? फॉर्म तीन प्रतींत भरून आणा. तोपर्यंत तुम्हाला माझ्या हातचा कोबी खात जगावं लागेल.”

त्यांचा श्वास बाहेर पडला. बराच वेळ आत धरलेला असावा.

“हे महिन्यापूर्वी सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं होतं.”

“असं नव्हतं सांगितलंस.”

“अरे, प्रभुभोजन चाललंय,” पलीकडून काका दबक्या आवाजात म्हणाले. “दोघं गप्प बसा जरा.”

“तू सुरात बोल,” पप्पा त्यांना म्हणाले.

काकांनी आधी डोळे विस्फारले, मग तोंड खाली घालून ते हसू लागले. त्यांचा खांदा पप्पांच्या खांद्यावर आपटत होता. तेवढ्यात पाळकसाहेब भाकर घेऊन समोर उभे राहिले. पप्पांनी दोन्ही हात पुढे केले. नऊ वर्षांनंतर त्यांनी भाकर घेतली, पेल्यातला घोट घेतला आणि उठताना गुडघा अडला तेव्हा काकांचा दंड धरला.

जाताना स्कूटरपाशी मी त्यांना सांगितले की कागद सापडल्यावर मी पाच दिवस मुद्दाम गप्प बसले, आणि शेवटच्या आठवड्यात उपाय माहीत असूनही तो केला नाही. काही लपलेले असेल ते मोकळे करावे, असे म्हटले गेले होते. हे माझे होते. पप्पांनी किल्ली फिरवली.

“दादासाठी केलंस?”

“थोडं दादासाठी. थोडं शून्यासाठी.”

“म्हणजे मी तुझ्या वहीसाठी मरत होतो,” ते म्हणाले. “बस मागे. आणि त्या रडक्या मुलीची माफी माग. तिला काही तुझी भाषा येत नाही.”

शनिवारी मी त्या मुलीला फोन केला आणि साध्या वाक्यांत माफी मागितली. तिने ती सावधपणे स्वीकारली. एवढाच काय तो माझ्या अंतःकरणाच्या तयारीचा निर्विवाद परिणाम म्हणून दाखवता येईल.

ईस्टरला पहाटेची उपासना स्मशानभूमीत होते. काकांनी आदल्या दिवशी आईच्या कबरीला चुना दिला होता आणि निम्मा बाजूच्या गवतावर सांडला होता. गीते संपली, लोक आपापल्या कबरींकडे पांगले. पप्पांनी मेणबत्ती लावली, खिशातून तो रेघांचा कागद काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

“फाडत नाही?” मी विचारले.

“मापं बरोबर आहेत. कधीतरी लागतील.” मग ते दगडाकडे वळले. “अगं, मी येणारच होतो. तुझ्या लेकीनं अडवलं. तुझी शांतता आणखी काही वर्षं टिकणार, मजा कर.”

दहा वर्षांत ते तिच्याशी असे बोलले नव्हते. तिच्या शेवटच्या चार महिन्यांतही नाही.

माझ्या व्याख्येप्रमाणे तो टोमणा होता, मात्र तो माझा नव्हता आणि ऐकणारी थांबली की नाही हे तपासता येत नव्हते. खिशात हात घालून मी खटका दाबला. त्या दिवसाचे माझे सगळे टोमणे त्यानंतर त्यातच मिळवत गेले. संध्याकाळी साडेसातला, कोबीची भाजी पानात पडल्यावर पप्पांशी झालेल्या संवादासह, वहीत व्रतापूर्वीच्या अडतीसच्या शेजारी नोंद केली आणि पप्पांचा तो एक त्यातून वजा केला नाही.

४४.